तुमचा मोबाइल बिघडलेला नाही

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्याचा, म्हणजे भिंतीच्या अलीकडच्याचा, साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचं धाडस करतोय, कारण आपलं बोलणं बंद आहे आणि बोलणं बंद असताना लिहू नये असं कोणी ठरवलेलं नाही. (हिला विचारून खात्री करून घेतली. तिच्या मते अबोल्यात बोलणं, हाक मारणं आणि दुसऱ्याला ऐकू जाईल असं स्वतःशी पुटपुटणं बसत नाही. लिहिण्याबद्दल ती काही म्हणाली नाही.) तोंडाने मी तुम्हाला सरळ ‘अरे दादा’ म्हणतो, पण पत्रात धाकट्याने मोठ्याला मानानेच संबोधायचं असतं, तेव्हा सवय नसली तरी सहन करावं. इकडे आम्ही उभयता खुशाल. आपली खुशाली विचारायची म्हणून विचारतो, एरवी ती मला रोज भिंतीतून ऐकू येते. सकाळचा खोकला, मग गुळण्या, मग वहिनींचं ‘बोलू नका म्हटलं ना’, मग चहा हवा म्हणून तुम्ही कपावर चमचा वाजवता तो आवाज. घशातल्या गाठीचं वहिनींनी मागच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना हिला सांगितलं. गुरुवारी ऑपरेशन आहे आणि नंतर आवाज येईल, पण हाच येईल की दुसराच कुठला हे आत्ता सांगता येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं मला कळलं आहे. तोवर घशाला सक्तीची विश्रांती आहे. म्हणजे आता तुमचा अबोला साऱ्या जगाशी आहे आणि त्यात माझं असं काही खास स्थान उरलेलं नाही. याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, कारण पाल्हाळ तुम्हाला खपत नाही. तुमचा मोबाइल बिघडलेला नाही. तो अचानक मुका झाला, आवाजाचं बटण दाबून दाबून तुम्ही त्याची वाट लावली, आणि उद्या तो दुकानात दुरुस्तीला टाकणार आहात, हे सगळं मला ठाऊक आहे. टाकू नका. त्याचा आवाज शाबूत आहे, फक्त तो आमच्याकडे आलेला आहे. कसा आला हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून वाचावं लागेल, आणि तिथे मात्र पाल्हाळाला इलाज नाही.

आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे आणि एकाच रंगाचे मोबाइल घेतले होते ते आठवत असेल. दुकानदार बिचारा म्हणत होता, एक तरी निळा घ्या, ओळखायला बरं. त्यावर तुम्ही त्याला विचारलंत की तराजूची दोन पारडी कधी दोन रंगांची बघितली आहेत का. जन्मभर तराजू दुरुस्त करत आलो, त्यामुळे आपली शिस्तच ती. वस्तू जोडीने घ्यायची, म्हणजे एकीचा भाग मोडला तर दुसरीचा काढून बसवता येतो. (दोन्हींचे भाग एकदम मोडले तर काय, यावर आपण कधी चर्चा केली नाही.) आपले पंखे सारखे, कुकर सारखे, छत्र्या सारख्या. एकदा तर तुमचा चष्मा लावून मी अर्धा दिवस काम केलं होतं आणि संध्याकाळी डोकं दुखायला लागल्यावर कळलं की नंबर तेवढे सारखे घेतलेले नाहीत. या जोडीच्या हौसेचं पुढे काय झालं ते येईलच.

तर त्या जोडीतल्या माझ्या मोबाइलने आता हाय खाल्ली आहे. चार्जिंगची वायर घालायचं भोक ढिलं झालंय. खाली काडेपेटी सारून, वायर तिरकी धरून, वरून रबरबँड गुंडाळला की जेमतेम जीव धरतो. पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा पडलाय, आणि दुसऱ्याला काही पाठवायचं तर ते बटण नेमकं त्या काळोखात आहे. दुकानदाराने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, आतलं काय हवं ते काढून घ्या लवकर. नातेवाइकांना बोलावून घ्या असं सांगतात ना, त्या सुरात.

आता त्यात काढून घेण्यासारखं काय आहे? फोटो म्हणाल तर सगळे माझ्या अंगठ्याचे. पण तुमचे निरोप आहेत. कारखान्यात तुम्ही पुढे गिऱ्हाइकांपाशी, मी मागे कानस घेऊन, आणि गिऱ्हाइकासमोर धाकट्या भावावर ओरडणं बरं दिसत नाही म्हणून तुम्ही मोबाइल तोंडाशी धरून हळूच झापायचात आणि ते मागे पाठवून द्यायचात. बोटाने लिहिणं तुम्हाला कधी जमलं नाही, त्यामुळे झाडून सगळं तुमच्या आवाजात आहे. भाजीवाल्याच्या तराजूला तेल लावलंस की आंघोळ घातलीस, हे एक. पाच किलोचं माप सापडत नाही, डोक्यावर ठेवून फिरतोयस का, हे दुसरं. एकात तुम्ही काहीच बोललेला नाहीत, नुसता लांबलचक उसासा टाकलाय, आणि तो कशाबद्दल होता हे मला आजही नेमकं सांगता येईल. आणि एकात मोबाइल चालू राहिलेला तुम्हाला माहीतच नाही, तुम्ही आपले स्क्रू मोजताय आणि मधूनमधून गुणगुणताय. बेसूर. गुरुवारचं कळल्यापासून मी हे रोज ऐकतो. हा मोबाइल मिटला तर हा आवाज मला पुन्हा कुठे मिळणार? लिहितोय म्हणून हे लिहिता तरी आलं.

तुमच्या पुतणीचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पडून आहे. (नोकरीला गेली तेव्हा ठेवून गेली. शाळा सुटली की पोरगी घरी न येता आपल्या कारखान्यात यायची, म्हणून तिने त्या कॉम्प्युटरचं नावच ‘कारखाना’ ठेवलंय.) निरोप त्यात घालावेत असं मी ठरवलं. वायरचा रस्ता त्या भोकामुळे बंद, आणि त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. मग तिने फोनवरून सुचवलं, बाबा, ब्लूटूथने जोडा. म्हणजे म्हणे दोन यंत्रं वायरवाचून एकमेकांना ओळखतात. फक्त पहिल्यांदा आपण ओळख करून द्यायची. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी नंबर येतो, तो दोन्हीकडे सारखा आहे हे डोळ्यांनी बघायचं, दोन्हीकडे ‘हो’ दाबायचं, की झाली जोडणी.

दादा, खरं सांगतो, हे ऐकून मी निरोप विसरलो आणि ब्लूटूथच्याच मागे लागलो. मधे काही नसताना एकाला दुसऱ्याचं कळतं कसं? मी मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला, कॉम्प्युटरच्या यादीत नाव येतंच. लोखंडी ट्रंकेत ठेवला, नाव गेलं. हिच्या पदराखाली धरला, आलं. हिला मधे उभं केलं, कधी आलं कधी गेलं. (त्यावरून तिने जे उद्गार काढले ते भिंतीतून तुम्हाला पोचलेच असतील.) मग मनात आलं की एवढी ओळख आत शिरते तर तिचं काही वजन असणारच. म्हणून मोबाइल कारखान्यात नेऊन आधी तोलून ठेवला. कुठल्या तराजूवर विचाराल तर हो, त्याच. औषधवाल्यांच्या. आपल्या भांडणाचा निकाल लागला नाही म्हणून तो आपण परत केलेला नाही, आणि त्यांनी कंटाळून दुसरा घेतलाय. जोडणीनंतर पुन्हा तोलला, ओळखीचं वजन शून्य भरलं. काटा मधोमध.

त्या काट्याचा विषय निघालाच आहे म्हणून फक्त नोंद करतो, भांडण उकरत नाही. तुमच्या बैठकीवरून तो केसभर उजवीकडे दिसत होता. मी समोर उभा होतो, मला मधोमध दिसत होता. मी म्हटलं, इथे येऊन बघा. तुम्ही म्हणालात, मला बसल्या जागेवरून दिसतंय, तराजू इकडे आण. तुम्ही उठायला तयार नाही आणि मी तराजू सरकवायला तयार नाही. इतक्यावरून अबोला, आणि त्याला वर्ष होत आलं. सकाळी कारखाना तुमचा, दुपारनंतर माझा, आणि गिऱ्हाइकं एकाचा निरोप दुसऱ्याला सांगून दमली. एकाने तर परवा मला विचारलं, की मोठे गेले का हो? मी त्याला असं काही झापलं की तो आपला तराजू तिथेच टाकून पळाला.

तर जोडणी. कॉम्प्युटर लावला, शोध म्हटलं, आणि यादीत माझ्या मोबाइलचं नाव आलं. या वेळी दोनदा आलं. मला वाटलं, कॉम्प्युटर जुना आहे, त्याला दोन-दोन दिसत असतील, वयात होतं असं. वरचं दाबलं. कॉम्प्युटरवर सहा आकडे उमटले. मोबाइलवर काहीच नाही. पण मोबाइलचा खालचा भाग काळा, तेव्हा नंबर त्या काळोखात उमटला असणार असं मी धरून चाललो. (काटा दिसत नसताना वजन मान्य करणारा माणूस मी नव्हे, पण घाई झाली होती.) कॉम्प्युटरवर ‘हो’ दाबलं, आणि मोबाइलच्या काळोखातही अंदाजाने दोनचार ठिकाणी बोट टेकवलं. जरा वेळ कॉम्प्युटर नुसता वाट बघत बसला. आणि मग म्हणाला, जोडले. मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, आता मला मधे उभं राहायचं नाही ना?

जोडलं गेलं, पण तुमचा एक निरोप इकडे येईल तर शपथ. मोबाइलवर लावला की मोबाइलमधूनच वाजायचा, कॉम्प्युटर आपला ढिम्म. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांना गल्लीत ‘पुन्हासाहेब’ म्हणतात, कारण कुठलाही रोग असो, त्यांचं औषध एकच. बंद करून पुन्हा चालू करा. लांब नेऊन पुन्हा जवळ आणा. नाहीच झालं तर जोडलेलं काढून पुन्हा जोडा. काढण्यासाठी तिथे एक बटण आहे, त्यावर लिहिलंय ‘हे उपकरण विसरा’. ते दाबलं की एक यंत्र दुसऱ्याला साफ विसरतं, आणि मग नव्याने ओळख करून द्यायची. मी विचारलं, विसरल्यावर नव्याने ओळख होईलच कशावरून? पुन्हासाहेब म्हणाले, बहुतेक होते. त्या ‘बहुतेक’मुळे माझा हात काही त्या बटणाकडे गेला नाही. त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

ते गेले आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. आपणहून. आधी एक गृहस्थ कोमट पाण्याच्या गुळण्या कशा कराव्यात ते सांगू लागले. मग कोणी बाई मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. मी वळवली. ही म्हणाली, याला इंटरनेट नसताना हे कुठून येतंय? मी प्लग तपासले, स्पीकर उलटा केला, खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी मांजराची पिल्लं. दादा, तासभर मांजराची पिल्लं. एक पिल्लू म्यांव करायचं, मागे कोणीतरी हसायचं, की दुसरं पिल्लू. मला तर वाटलं कॉम्प्युटरला म्हातारचळ लागला. आता कळतंय ते कोण बघत होतं ते. लोकांना अर्धा तोळा इकडचा तिकडे करू न देणारा माणूस दुपारी दार लावून मांजरं बघतो, हे माझ्यापाशी सुरक्षित राहील. हिच्यापाशी राहील की नाही ते सांगत नाही.

काल दुपारी कारखान्यात जाण्याआधी मी खुर्चीत टेकलो होतो. माझा मोबाइल समोर काडेपेटीवर रबरबँडमध्ये निपचित. आणि कॉम्प्युटरमधून एकदम माझा आवाज आला. माझा स्वतःचा. “दादा, काटा बसला बघ. ये, बघून जा.” तो निरोप मी कारखान्यातून तुम्हाला कधीतरी पाठवलेला, भांडणाच्या कितीतरी आधीचा. संपला, आणि पुन्हा सुरू झाला. “दादा, काटा बसला बघ. ये, बघून जा.” पुन्हा. पुन्हा. मी खुर्चीतून उठलोच नाही. माझा मोबाइल गप्प आहे, तो निरोप जगात आणखी एकाच मोबाइलमध्ये आहे, आणि वहिनींनी त्याच सकाळी हिला सांगितलं होतं की यांच्या फोनचा आवाज गेलाय, आपटून आपटून बघतात. कॉम्प्युटरला दोन-दोन दिसत नव्हते. मोबाइल दोन होते. एक अलीकडे, एक पलीकडे, नाव एक, रंग एक, जोडीने घेतलेले. तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं म्हणून तुम्ही पुन्हापुन्हा दाबत होता, आणि इकडे मी तुम्हाला पुन्हापुन्हा बोलावत होतो.

तुम्ही म्हणाल, मी नुसता आवाज तपासत होतो. असेल. पण तपासायला माझाच निरोप बरा सापडला.

आणि आता ती गोष्ट, जी मला कालपासून स्वस्थ बसू देत नाही. ब्लूटूथ कसं चालतं हे कोडं मी सोडून दिलं. हे सुटत नाही. जोडणी व्हायला दोन्हीकडून ‘हो’ लागतं. तुमच्या पडद्यावर आलं असणार, ‘कारखाना’ जोडू मागतो, नंबर जुळतो का? माझ्या पडद्यावरचा नंबर तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, मधे भिंत आहे. मग ‘हो’ कोणी दाबलं? मला वाटलं वहिनींनी. हिला विचारायला पाठवलं. वहिनी म्हणाल्या, फोन यांच्याच हातात होता. बराच वेळ बघत बसले, मग चष्मा लावला, पुन्हा बघितलं, आणि दाबलं. मी चाटच पडलो. दळून आणलेलं पीठ घरी पुन्हा तोलणारे तुम्ही. मी बसवलेला काटा डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाहेर न सोडणारे तुम्ही. आकडा न बघता हो म्हणालात, ते कशावर विसंबून? मी खूप विचार केला, वेगवेगळे तर्क लढवले, एकही पटला नाही. एक पटला, तो लिहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. घसा जपावा. गुळण्यांचं पाणी कोमटच घ्यावं, मी ते सबंध ऐकलंय.

आपला,
भिंतीअलीकडचा धाकटा

ता.क. मोबाइलला काही करायला नको. तुम्हाला न विचारता जोडला गेला होता, तेव्हा हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी कॉम्प्युटरवर ते ‘विसरा’ बटण दाबलं. (त्या ‘बहुतेक’सकट दाबलं.) तुमचा आवाज तुमच्याकडे परत आला असेल. पिल्लू लावून बघा.

ता.क. २. काटा मधोमधच होता.

ता.क. ३. माझं काम मात्र तसंच राहिलं. तुमचे निरोप अजून या मरणपंथाला लागलेल्या डब्यात आहेत आणि गुरुवार परवावर आलाय. दोन सारख्या नावांतलं माझं कुठलं, हे दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मला कळायचं नाही. संध्याकाळी कारखाना बंद करून आलो की मी पुन्हा जोडणी मागेन, या वेळी रीतसर. तुमच्या पडद्यावर ‘कारखाना’ येईल आणि सहा आकडे येतील. माझ्याकडचे आकडे भिंतीतून दिसायचे नाहीत. कॉम्प्युटर मी टेबलासकट दारापाशी सरकवून ठेवलाय, आणि दार नुसतं लोटलेलं आहे. ती विनंती थोडाच वेळ थांबते, मग विरून जाते. डॉक्टरीणबाईंनी तुला बोलायला बंदी केली आहे, तेव्हा तुझा अबोलाही मोडायचा नाही. बोलेन मी. दादा, तू फक्त ऊठ, ये, बघून जा.